शोरूम, बाहेरचं गॅरेज की घरचा पाना: मोटरसायकलच्या देखभालीचे पैसे नेमके जातात कुठे?

दोनचाकी:

वॉरंटी संपत आली की बहुतेकांचा एकच हिशेब सुरू होतो. शोरूमचं बिल परवडत नाही, बाहेर गाडी द्यायला मन धजत नाही, आणि स्वतः पाना हातात घ्यायचा तर काही बिघडलं तर काय, ही धास्ती. मग कोणीतरी सांगतं ‘शोरूमवाले लुटतात’, दुसरा सांगतो ‘बाहेर डुप्लिकेट पार्ट घालतात’, आणि आपण होतो तिथेच राहतो.

माझं मत आधीच मांडतो. गाडी कुठे द्यायची हे एकदा ठरवून कायमचं मोकळं होता येत नाही, ते प्रत्येक कामागणिक ठरवावं लागतं. एकाच गाडीचं एक काम शोरूममध्येच करावं असं असतं, दुसरं चांगल्या फिटरकडे, आणि तिसऱ्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरजच नसते. हे वेगळं करता आलं की बिल आपोआप खाली येतं आणि गाडीचं नुकसानही होत नाही.

त्यासाठी आधी बिल वाचायला शिकायला हवं. बिलात मुख्यतः मजुरी आणि पार्ट असतात. मजुरी बहुतेक ठिकाणी ठरलेल्या तासांवर लागते. म्हणजे कंपनीच्या तक्त्यात एखाद्या कामाला दोन तास लिहिले असतील तर दोन तासांचेच पैसे, मेकॅनिकने ते लवकर उरकलं तरी. शोरूमच्या तासाच्या दरात मोठ्या जागेचं भाडं, खास हत्यारं, कॉम्प्युटर, मेकॅनिकचं प्रशिक्षण, पार्टचा साठा, काउंटरवरची माणसं असं सगळं धरलेलं असतं. त्यात फसवणूक नाही, त्यांचा खर्च खराच तेवढा आहे. प्रश्न इतकाच, की चेनला तेल लावून घेण्यासाठी तुम्हाला त्या सगळ्याचे पैसे भरायचे आहेत का?

बिलातला तिसरा भाग मात्र नीट बघा. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, डीकार्ब (इंजिनातली काजळी काढणं), अँटी-रस्ट कोटिंग, पॉलिश. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघडा, त्यात सर्व्हिसिंगचा तक्ता असतो. या गोष्टी तिथे नसतील तर ‘नको’ म्हणून सांगायचं, आणि तेही जॉब कार्डवर, म्हणजे शोरूमच्या कामांच्या यादीवर, लिहून घ्यायचं.

त्याच तक्त्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट असते. प्रत्येक ओळीसमोर एक खूण असते: हे तपासा, हे साफ करा, हे बदला. एअर फिल्टर किंवा स्पार्क प्लगपुढे एका सर्व्हिसिंगला ‘तपासा’ असतं आणि पुढच्याला ‘बदला’. सर्व्हिसिंगचं ठरलेलं पॅकेज घेतलं की ‘तपासा’चं कधी ‘बदला’ होऊन जातं ते कळतही नाही. गाडी द्यायच्या आधी तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून शोरूमच्या सल्लागारासोबत ओळीओळीने बोलावं. पाच मिनिटं लागतात, आणि बिल हमखास हलकं होतं.

आता तुम्ही सांगा. कोण काय घरी करतं, काय बाहेर देतं, आणि शोरूमला कशासाठी जातं?

पाना_दहा_नंबर:

मस्त धागा. घरच्या कामांबद्दल मी लिहितो, कारण खरी बचत तिथेच आहे.

माझ्या मते सुरुवात चेनपासून करावी. साफ करणं, तेल लावणं, ताण बघणं. पाचशे ते हजार किलोमीटरला एकदा, पावसात भिजली तर त्याआधीच. ओ-रिंगवाली चेन केरोसीन आणि मऊ ब्रशने पुसायची. पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावायचा नाही, रबरी रिंगा खराब होतात. ताण किती असावा ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना साधारण २५ ते ३५ मिलिमीटर असतो, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त. चाक फिरवत राहायचं आणि चेन जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजायचं. पुष्कळ जण चेन ‘छान घट्ट’ करून ठेवतात. सैल चेनइतकीच ती वाईट, कारण सस्पेन्शन दबलं की ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढते आणि तिथलं बेअरिंग जातं. तेलाच्या डब्याचे पैसे वाचवायला जाऊन गिअरबॉक्स उघडायची पाळी येते.

त्यानंतर इंजिन ऑईल आणि फिल्टर. इथे ऑईलची निवड कळीची. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. गाड्यांच्या, म्हणजे चारचाकीच्या, नव्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं वाढत गेली आणि क्लच घसरायला लागले. म्हणून १९९८ मध्ये जपानमध्ये जासो (तिथली वाहन-मानक संस्था) टी ९०३ हे मानक आलं. ओल्या क्लचच्या गाडीला डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं बघून घ्यायचं. ‘एमबी’ हे स्कूटरसाठी. ग्रेड, म्हणजे ऑईलचा घट्टपणा, मॅन्युअलमध्ये असेल तोच. या दोन गोष्टी जुळल्या की डब्यावर तुमच्या गाडीच्या कंपनीचं नाव असलंच पाहिजे असं नाही.

आणि दोन हत्यारं आधी घ्या: टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराइतकाच कसायचा पाना) आणि जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, स्क्रूड्रायव्हर. जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू साध्या फिलिप्ससारखे दिसतात, पण खाच वेगळी असते. साधा ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. पुष्कळदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एक छोटा ठिपका असतो, तीच ओळख.

पहिलाच_हप्ता:

नवीन सभासद, नवीन गाडी. अजून वॉरंटीत आहे. बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते असं शोरूममध्ये सांगितलं. खरं आहे का?

दोनचाकी:

@पहिलाच_हप्ता, ‘जाते’ असं सरसकट नसतं आणि ‘जात नाही’ असंही नसतं. तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत अटी लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक देशाचा ग्राहक कायदाही वेगळा. म्हणून तोंडी उत्तरावर जाऊ नका. पुस्तिकेतलं ते वाक्य दाखवा म्हणायचं.

पण व्यवहाराचं बोलायचं तर वॉरंटीच्या काळात शोरूमलाच जावं असं मला वाटतं. इंजिनमध्ये काही निघालं तर वाद घालायला जागा राहू नये, एवढ्यासाठी. फक्त सर्व्हिसिंग तक्त्यातलं आणि तेवढंच करून घ्या. मधल्या काळात चेन, हवा, केबल तुम्ही घरी बघितल्याने कसलीही वॉरंटी जात नाही. मॅन्युअलमध्येच ही कामं चालकाची म्हणून दिलेली असतात.

बाहेर काही केलंच तर बिल जपा. बिलावर तारीख, मीटरचा आकडा, ऑईलचा ग्रेड आणि फिल्टरचा पार्ट नंबर असला पाहिजे. नुसतं ‘सर्व्हिसिंग केले’ असं बिल काहीच सिद्ध करत नाही.

आणि रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं, वेगळा. कंपनीने रिकॉल काढला तर ते काम अधिकृत डीलरकडे फुकट होतं. याआधी सर्व्हिसिंग कुठे केलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. गाडी कितीही जुनी असो, चेसिस नंबर टाकून अधूनमधून बघत जा.

शिम_आणि_फीलर:

मी पूर्वी शोरूममध्ये मेकॅनिक होतो, आता स्वतःचं छोटं गॅरेज आहे. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. वर कोणी व्हॉल्व्हचा, म्हणजे इंजिनातल्या उघडझाप करणाऱ्या झडपांचा, विषय काढला नाही, आणि मोठ्या सर्व्हिसिंगच्या बिलात सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागात बारीकशी फट ठेवलेली असते. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, त्याला ती जागा लागते. आपण बोलताना ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतो ते हेच. छोट्या इंजिनांना बहुतेक वेळा स्क्रू आणि लॉकनट असतो. थंड इंजिनवर कव्हर काढलं, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातली, स्क्रू फिरवून फट जमवली, झालं. हे काम शिकून घरी करता येतं आणि यासाठी शोरूमला जायची गरज नाही.

मोठ्या आणि जास्त आरपीएमच्या इंजिनांत बकेटखाली (व्हॉल्व्हवरच्या टोपीखाली) शिम असतात, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी चकत्या. तिथे फट बदलायची तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) बाहेर काढून चकती बदलावी लागते. कॅम परत बसवताना टायमिंग एका दाताने जरी चुकलं तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. हे काम ज्याने आधी केलंय त्याच्याकडेच द्या.

आता खर्चाचं. चार सिलिंडरच्या गाडीत फट मोजायला मिनिटं लागतात, पण तिथवर पोहोचायला टाकी, एअरबॉक्स, कधी रेडिएटर, फेअरिंग असं सगळं काढावं लागतं. बिल त्या उघड-झाकीचं असतं. म्हणून दोन गोष्टी विचारा: नुसतं तपासायचे किती, आणि शिम बदलावे लागले तर वर किती? सगळं उघडलेलंच आहे तर एअर फिल्टर, प्लग, कूलंट त्याच वेळी उरकून घ्या. प्लगपर्यंत पोहोचण्याची मजुरी दुसऱ्यांदा देऊ नका. कोणी ही मजुरी दोन वेगळ्या ओळींत लावली तर हरकत घ्या, ती एकदाच लागते.

‘आवाज येत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत’ हे मी रोज ऐकतो. उलट आहे. सैल झालेला व्हॉल्व्ह टकटक करतो, घट्ट झालेला गप्प असतो. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह सीटमध्ये, म्हणजे मिटताना ज्या कड्यावर टेकतात त्यात, हळूहळू बसत जातात आणि फट कमी होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर जाते, ती वाट बंद झाली की कड जळते. आवाज नाही म्हणून हे काम टाळणारा शेवटी सिलिंडर हेडचं काम करून घेतो.

गाडी घेतानाच हा खर्च बघावा असं माझं मत आहे. डुकाटीच्या डेस्मो इंजिनांत व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटत नाही, तो मिटवायलाही वेगळा रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारा आखूड दांडा) असतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन फटी मोजायच्या. २०२० मध्ये त्यांनीच मल्टिस्ट्राडासाठी व्ही४ ग्रॅनट्युरिस्मो इंजिन आणलं त्यात साध्या स्प्रिंग घेतल्या आणि व्हॉल्व्ह तपासणी थेट ६०,००० किलोमीटरवर नेली. दुसरीकडे हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या व्ही-ट्विनला हायड्रॉलिक लिफ्टर (ऑईलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) असतात, तिथे फट जमवायचं कामच नसतं. गाडीची किंमत विचारताना या तपासणीचा टप्पा आणि तिला लागणारे तासही विचारत जा.

दोनचाकी:

@शिम_आणि_फीलर, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सोनं आहे. मजुरी एकदाच लागते हा मुद्दा प्रत्येकाने लिहून ठेवावा.

निळा_धूर:

थोडं विरुद्ध मत. इथे शोरूमबद्दल जरा हातचं राखून बोललं जातंय. मी पूर्ण काळ अधिकृत डीलरकडेच जातो आणि जात राहीन.

आजची गाडी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर झाली आहे. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागीच फिरू न देणारी), राइड-बाय-वायर (केबलऐवजी वायरने चालणारा ॲक्सिलरेटर). काही मॉडेलांत ब्रेकमधली हवा पूर्ण काढायची तर डायग्नोस्टिक टूल लावून एबीएसचा पंप फिरवावा लागतो. टूल नसलेला फिटर लिव्हर कडक लागेपर्यंत ब्लीड करून (हवा काढून) देतो आणि मॉड्यूलमध्ये जुनं ऑईल तसंच राहतं. ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, नवं सॉफ्टवेअर तर डीलरशिवाय मिळत नाही. शिवाय गाडी विकताना शोरूमचे शिक्के असलेलं पुस्तक समोर ठेवलं की घेणारा वाद घालत नाही.

शिम_आणि_फीलर:

@निळा_धूर, सॉफ्टवेअरबद्दल शंभर टक्के मान्य. मी स्वतः गिऱ्हाइकाला त्यासाठी डीलरकडे पाठवतो. एबीएसबद्दल निम्मं मान्य, कारण चांगल्या बाहेरच्या गॅरेजकडे आता टूल असतं. युरो ५ च्या प्रदूषण नियमांनंतर, म्हणजे २०२० पासून, अनेक गाड्यांना सहा पिनांचा लाल डायग्नोस्टिक सॉकेट येतो, त्याचं आयएसओ मानक आहे. त्यामुळे दोष कोड वाचायला प्रत्येक कंपनीसाठी वेगळी वायर लागेलच असं राहिलं नाही. गॅरेजला थेट विचारा की माझ्या मॉडेलचा एबीएस पंप तुमच्या टूलने फिरतो का. टाळाटाळ झाली तर तिथे ब्रेकचं काम देऊ नका.

शिक्क्यांबद्दल मात्र वेगळं वाटतं. गाडी विकत घेताना मी शिक्का बघत नाही, बिलं बघतो. काय बदललं ते बिलात कळतं.

निळा_धूर:

हे पटलं. पण असं गॅरेज सापडेपर्यंत तरी माझा डीलर बरा.

पावसाळी_रविवार:

माझा वापर कमी आहे, वर्षाचे फार किलोमीटर होत नाहीत. त्यामुळे मला किलोमीटरपेक्षा महिन्यांचा तक्ता लागू होतो, आणि ‘गाडी चालवलीच नाही तर सर्व्हिसिंग कशाला’ हा समज तिथे नडतो.

ब्रेक ऑईलचंच बघा. डॉट हा त्याचा ग्रेड; डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकोलची, हवेतलं पाणी ओढून घेतात, गाडी उभी असली तरी. मानकानुसार नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ ला. उतारावर सतत ब्रेक दाबत आल्यावर त्यात वाफ झाली की लिव्हर थेट हँडलला टेकतो. म्हणून बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं, नावाला फसून ५.१ ऐवजी ते घालू नये.

हे सांगायचं कारण असं. एका शोरूमच्या बिलात ब्रेक ऑईल बदलल्याचे पैसे लावले होते, आणि मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑईलच्या टाकीच्या) खिडकीत ऑईल होतं तसंच काळपट तपकिरी. नवं ऑईल जवळजवळ पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं दिसतं. मी देतानाच फोटो काढला होता, तो दाखवल्यावर त्यांनी काम परत करून दिलं. तेव्हापासून माझी पद्धत ठरली: देताना ब्रेक ऑईलच्या दोन्ही टाक्यांचा, चेन ॲडजस्टरच्या खुणांचा आणि मीटरचा फोटो. बदललेले पार्ट परत हवेत असं जॉब कार्डवर लिहायचं. बदललेला पार्ट हातात येतो तेव्हा तो खरंच झिजला होता का हेही कळतं. शोरूम असो की गॅरेज, नियम दोघांना सारखाच.

बेअरिंगवाला:

पार्टबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून माझी भर. मोटरसायकल कंपन्या सगळेच पार्ट स्वतः बनवत नाहीत. प्लग एनजीकेचा किंवा डेन्सोचा असतो, चेन डीआयडी, आरके नाहीतर आणखी कोणाची. तोच प्लग त्याच नंबरने बाहेर मिळतो.

चाकाचं बेअरिंग हे सगळ्यात चांगलं उदाहरण. गाडीच्या कंपनीच्या पिशवीत त्याला लांबलचक पार्ट नंबर असतो, पण बेअरिंगवरच कोरलेला असतो खरा नंबर, समजा ६२०३. जगात कुठेही ६२०३ म्हणजे आतलं भोक १७, बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर. बेअरिंगच्या दुकानात जाऊन नामांकित कंपनीचं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मागायचं. बऱ्याच ऑईल सीलचंही असंच, मापं वर छापलेली असतात.

पण कुठे बचत करू नये तेही सांगतो. ब्रेक पॅड अनोळखी खोक्यातले घेऊ नयेत. बनावट पार्टचा धोका तिथे आणि ऑईल फिल्टरमध्ये मोठा आहे. कॅम चेन, गास्केट, इंजिनच्या आतलं जे काही असेल ते कंपनीचंच. त्यातही शोरूमच्या पार्ट काउंटरवरून पार्ट घेऊन काम दुसरीकडे करता येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर पार्टच्या आकृत्या असतात, नंबर आधीच काढून ठेवायचा.

पाना_दहा_नंबर:

यात टायरही घ्या. चाकं घरी काढून नुसती चाकं टायरवाल्याकडे नेली तर काढ-घालीची मजुरी वाचते. पॅडॉक स्टँड (चाक जमिनीपासून उचलून धरणारा) आणि योग्य सॉकेट लागतं, आणि ॲक्सल (चाकाचा दांडा) मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसायचा. मागचं चाक बसवल्यावर पहिल्यांदा ब्रेक पेडल मारून पॅड डिस्कला लागलेत का बघायचं, मगच गाडी हलवायची.

पहिलाच_हप्ता:

खूप शिकायला मिळालं. शेवटचा प्रश्न: ऑईल घरी बदलायची हिंमत करतोय. ड्रेन बोल्टचे आटे जातात असं ऐकलंय, त्याची भीती वाटते.

शिम_आणि_फीलर:

आटे जातात ते जास्त कसल्याने. बोल्ट पोलादी, इंजिनाखालचा ऑईलचा चेंबर ॲल्युमिनियमचा, हरतो तो चेंबर. मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा बघा, दुसऱ्या कुठल्या गाडीचा चालणार नाही. इंजिन कोमट असताना सोडायचा, तापून लाल असताना नाही. वॉशर दर वेळी नवा. जुना वॉशर आधीच चेपलेला असतो, तो गळतो, आणि गळती थांबवायला माणूस बोल्ट आणखी कसतो, तिथेच आटे जातात. बसवताना सुरुवातीचे सगळे फेरे हाताने. हाताने फिरत नसेल तर तिरका लागलाय, काढून परत लावा. आणि समजा आटे गेलेच, तर चेंबर बदलायला कोणी सांगितलं तरी घाईने हो म्हणू नका. हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) टाकून ते भोक पक्कं दुरुस्त होतं, कुठलाही बरा मशीन शॉपवाला करून देतो.

दोनचाकी:

@पहिलाच_हप्ता, याला एक जोड. काढलेलं ऑईल मोजा. जेवढं भरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं तर गाडी ऑईल खातेय, आणि तुम्ही वॉरंटीत आहात. मोजलेला आकडा आणि मीटर लिहून ठेवा, पुढच्या सर्व्हिसिंगला तो कागद सल्लागाराला द्या. काढलेलं ऑईल गटारात ओतू नका, जुन्या डब्यात भरून गॅरेजला नेऊन द्या, बरेच जण घेतात. वॉरंटीपुरतं मात्र ऑईल आणि फिल्टरची बिलं आणि बदलतानाचे फोटो एकत्र ठेवा, आणि तुमच्या पुस्तिकेत हे काम अधिकृत ठिकाणीच करायची अट नाही ना, ते बदलायच्या आधी वाचून घ्या. अट असेल तर तेवढा काळ ऑईल शोरूमकडे, चेन तुमच्याकडे.